डॅलस की न्यू जर्सी? बंदुकांच्या भीतीबद्दल

अगं, डॅलस आणि न्यू जर्सी अशा दोन ऑफर आहेत, मुलगी सहा वर्षांची आणि घरचे म्हणतायत टेक्सास नको, तिथे लोक कमरेला बंदूक लावून फिरतात, असं तू लिहिलंयस. घरचे अगदीच चुकीचं नाही बोलत. 1 सप्टेंबर 2021 पासून इथे 21 वर्षांवरच्या बहुतेकांना हँडगन जवळ ठेवायला लायसन्स लागत नाही. पण मी डॅलसच्या उत्तरेला सबर्बमध्ये राहते, आणि खरं सांगू का, पोलीस सोडले तर उघड लावलेली बंदूक क्वचितच दिसते. शर्टाखाली किंवा गाडीच्या कप्प्यात असते, आपल्याला कळतही नाही.

दुकानांच्या दारावर 30.06, 30.07 असे आकडे असलेल्या पाट्या दिसतील, ती कायद्याची कलमं आहेत, पहिलं म्हणजे लायसन्स असलं तरी लपवून आणू नका आणि दुसरं म्हणजे उघड लावून येऊ नका. थोडक्यात सरकारने मोकळीक देऊन टाकली आणि नाही म्हणायचं काम दुकानदारावर सोडलं. आपल्याकडे कलेक्टरकडे नाहीतर पोलीस कमिशनरकडे कारण दाखवून लायसन्स मागायचं आणि निवडणूक आली की बंदूक बऱ्याचदा पोलीस स्टेशनला जमा करायची. इथे सगळं उलट, हक्क आधी, आणि अडवायचं तर सरकारने कारण द्यायचं. इथल्या सुप्रीम कोर्टाने 2008 मध्ये बंदूक बाळगणं हा वैयक्तिक हक्क मानला आणि 2022 मध्ये बंदूक घेऊन बाहेर फिरायच्या लायसन्ससाठी असलेली न्यूयॉर्कची 'खास गरज दाखवा' ही अट उडवली, मग न्यू जर्सीलाही तशीच अट सोडावी लागली. तरी तिकडे अजून बोटांचे ठसे, ओळखीच्या लोकांची नावं, प्रत्येक हँडगनसाठी वेगळं परमिट, हे सगळं आहेच.

इथल्या लोकांची बाजूही ऐक हां. गावाबाहेर रँचवर राहणाऱ्याला शेरीफ, म्हणजे तिथला पोलीस, येईपर्यंत बराच वेळ जातो, त्याने घरात बंदूक ठेवली तर मला काही म्हणायचं नाही. मला चीड येते ती वेगळ्याच गोष्टीची. टेक्सासमधल्याच युवाल्डीच्या शाळेत मे 2022 मध्ये गोळीबारात 19 मुलं आणि 2 शिक्षिका गेल्या, मारणारा 18 वर्षांचा होता आणि रायफल त्याने कायदेशीर विकत घेतली होती. पुढच्या मे मध्ये आमच्या बाजूच्या ॲलन गावच्या मॉलमध्ये गोळीबारात 8 जण गेले. त्यानंतर दोनच दिवसांनी अशा रायफलींसाठी विकत घ्यायचं वय 21 करायचं बिल टेक्सासच्या विधिमंडळात कमिटीत कसंबसं पास झालं आणि सभागृहात मतदानाला आलंच नाही. बियरसाठी 21 आणि रायफलला 18, याला स्वातंत्र्य म्हणायचं माझ्या तरी जिभेवर येत नाही.

आता तुझ्या कामाचं. एच-वनवर (नोकरीचा व्हिसा) तू आणि एच-फोरवर (जोडीदाराचा व्हिसा) नवरा, तुम्हा दोघांना बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे, हंटिंग लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडून. ऑफिसचे लोक शूटिंग रेंजवर नेमबाजीला चल म्हणतील, मजा म्हणून हातात धरणंसुद्धा अंगाशी येऊ शकतं, व्हिसाच्या वकिलाला विचारल्याशिवाय जायचं नाही. ग्रीन कार्ड आल्यावर घेता येते, तो पुढचा प्रश्न.

मुलीच्या बाबतीत टीव्हीवरच्या बातम्यांपेक्षा मैत्रिणीच्या घरची जास्त काळजी कर. प्लेडेटला, म्हणजे दुसऱ्याच्या घरी खेळायला, पाठवताना ॲलर्जी सांगतेस ना, त्याच दमात विचारायचं की घरात गन आहे का आणि लॉक केलेली असते का. पहिल्यांदा जीभ अडखळते पण इथल्या आया राग मानत नाहीत, बऱ्याच जणी उलट सेफ कुठे आहे तेही सांगतात. इथे 17 च्या आतल्या मुलाच्या हाती भरलेली बंदूक लागेल अशी निष्काळजीपणे ठेवणं गुन्हा आहे, पण घरात येऊन तपासणारं कोणी नाही, म्हणून विचारायचं आपणच. आणि अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात, तेव्हा मुलं मोठी झाल्यावर तर हे जास्तच विचारायचं.

शाळेत लॉकडाऊन ड्रिल, म्हणजे बंदूकधारी शिरला तर दारं लावून लपायचा सराव, होतं, ते न्यू जर्सीतही होतं, त्यातून सुटका नाही. गाडी पोलिसाने थांबवली तर दोन्ही हात स्टिअरिंगवर, कागद काढायच्या आधी सांगायचं आणि मग काढायचे, हे नवऱ्यालाही सांगून ठेव.

मी तुझ्या जागी असते तर फक्त बंदुकांवरून डॅलस सोडलं नसतं, पगार आणि ग्रीन कार्ड कोणती कंपनी लवकर फाइल करते ते बघून ठरवलं असतं. घरच्यांना ॲलनबद्दल मात्र आधीच सांगून टाक, नाहीतर व्हॉट्सॲपवर कळेल आणि मग रोज फोन येतील.