मंगळवारी आणि शुक्रवारीच बंद पडणारी पद्मिनी

प्रश्न : मिस्त्री, नमस्कार. माझ्याकडे 1994 ची प्रीमियर पद्मिनी आहे, पेट्रोलवर. वडिलांची गाडी, मोडीत काढायला मन धजत नाही. मार्चपासून ती चालता चालता बंद पडते. धक्के नाहीत, आचके नाहीत, दिवा मालवावा तशी. अर्धा तास उभी केली की मुकाट सुरू होते. एका गॅरेजने कार्बोरेटर खोलून किट टाकलं, दुसऱ्याने पेट्रोल पंप बदलला, प्लग नवे घातले. साडेसात हजार गेले. दोघंही म्हणाले, ‘उन्हाळा आहे, जुनी गाडी तापणारच.’ पण गेल्या महिन्यात भर दुपारी डोंबिवलीला जाऊन आलो, कुठे अडली नाही. बंद पडते ती मंगळवारी नाहीतर शुक्रवारी. त्या दिवशी नातीला शिवाजी पार्कला पोहायला नेतो. ती अर्धा तास पाण्यात असते, तोवर मी गाडीत रेडिओ ऐकत बसतो. येताना माहीमच्या सिग्नलला गाडी राम म्हणते. तेही दर वेळी नाही. बायको म्हणते, गाडीला पाण्याचं भय बसलंय.
— एक वाचक, माहीम

उत्तर : वहिनींचं निदान दोन्ही गॅरेजवाल्यांपेक्षा बरं आहे. वार त्यांनी तरी धरून ठेवला.

पेट्रोल कमी पडलं की गाडी सांगून मरते. आधी ओढ कमी होते, मग ती आचके देते, पाय दाबला तर खोकते. कार्बोरेटरच्या कपात उरलेलं पेट्रोल संपेपर्यंत ही रडारड चालते. करंट गेला की मात्र तुम्ही लिहिलंय तस्संच होतं, दिवा मालवल्यासारखं. तेव्हा पंप आणि कार्बोरेटर निर्दोष होते. त्यांचे पैसे गेले ते गेले.

आता डोंबिवली. तापण्याचाच प्रश्न असता तर माहीमच्या आधी शीळफाट्याला गाडी उभी राहिली असती. म्हणजे भानगड पोहण्याच्या अर्ध्या तासात आहे. एक गोष्ट आठवून सांगा : रेडिओ चालू असताना डॅशबोर्डवरचा लाल दिवा पेटलेला असतो का? असणार. मागाहून बसवलेल्या रेडिओची तार बरेच वायरमन इग्निशनवरून घेतात, मग चावी फिरवल्याशिवाय तो वाजत नाही. इंजिन बंद, चावी चालू, आणि तुम्ही मजेत गाणी ऐकताय.

त्या वेळी बॉनेटखाली काय चाललेलं असतं, बघा. कॉइल म्हणजे बॅटरीचा दाब ठिणगीइतका वाढवणारा बंद डबा. तिच्यातून जाणारा करंट डिस्ट्रिब्युटरमधल्या, म्हणजे प्लगांना ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या, पॉइंटवरून पुढे जातो. पॉइंट म्हणजे उघडझाप करणारी दोन तोंडं. पॉइंट मिटले की करंट वाहतो, उघडले की तुटतो, आणि तुटतो त्या क्षणी प्लगला ठिणगी मिळते. इंजिन फिरत असताना ही उघडझाप सेकंदाला कितीतरी वेळा होते, त्यामुळे कॉइलला उसंत मिळते. इंजिन उभं असताना पॉइंट मिटलेले राहिले तर करंट अखंड वाहत राहतो. 12 व्होल्ट, कॉइलचा रोध साधारण 3 ओहम, म्हणजे 4 अँपिअर. हेडलाइटचा बल्ब जेवढा तापतो जवळजवळ तेवढी उष्णता त्या बंद डब्यात, अर्धा तास. आतल्या तारेचं इन्सुलेशन आधीच थकलेलं असेल तर परतीच्या दहा मिनिटांत इंजिनची धग मिळते आणि ठिणगी आतल्या आतच जिरते. डबा निवला की पुन्हा ठीक.

आणि दर वेळी का नाही? कारण इंजिन थांबताना पॉइंट कधी मिटलेले राहतात, कधी उघडे. उघडे राहिले त्या दिवशी तुम्ही सुखरूप घरी पोचता.

हे मी काही हुशारीने शिकलो नाही. लालबागला उमेदवारी करताना अशाच एका टॅक्सीचा पंप मी बदलून दिला होता. तेव्हा टॅक्सीवाले पंपावर ओलं फडकं टाकायचे, मे महिन्यात पेट्रोलची वाफ धरू नये म्हणून. मी त्या फडक्यावरच जाऊन पंपाला दोषी ठरवलं. चौथ्या दिवशी तो भला माणूस गाडी ढकलत परत आला. उस्ताद एक शब्द बोलले नाहीत. माझं मनगट धरून पंजा कॉइलवर टेकवला. फोड आठवडाभर होता.

तुम्ही पंजा टेकवू नका, जवळ नेलात तरी कळेल. पुढच्या वेळी बंद पडली की लगेच, निवायच्या आत, एका प्लगची तार काढा, तिच्या टोकात जुना प्लग बसवा, रबरी मुठीच्या पकडीने तो इंजिनच्या लोखंडाला टेकवून धरा आणि दुसऱ्याला स्टार्टर मारायला सांगा. निळी, तडतडणारी ठिणगी आली तर मी चुकलो, मला पुन्हा लिहा. पिवळी, मलूल आली किंवा आलीच नाही तर कॉइल गेली. आसपास पेट्रोल सांडलेलं नसेल एवढं बघा.

नवी कॉइल कुर्ल्याच्या सीएसटी रोडला मिळेल. ही गाडी कुर्ल्यातच बनायची, त्यामुळे माहेरचा माल म्हणा. पण दुकानात मीटर लावून बघा : 3 ओहमच्या आसपासच हवी. दीड ओहमवाली वेगळ्या रोधकासोबत वापरायची असते. ती सरळ लावलीत तर महिन्याभरात हेच पत्र मला परत लिहाल. सोबत कंडेन्सर बदला, म्हणजे पॉइंटची तोंडं जळू नयेत म्हणून जोडलेली छोटी डबी. स्वस्त असतो. पॉइंटची तोंडं जळून खड्डे पडले असतील तर पॉइंटही. आणि रेडिओला बॅटरीवरून फ्यूज घालून स्वतंत्र तार द्या. हे नाही केलंत तर नवी कॉइलही पोहायला जाईल.

प्रश्न : 1999 ची मारुती 800. सिग्नलला तापमानाचा काटा वर चढतो, गाडी पळाली की खाली येतो. रेडिएटर बदलावा का?
— एक वाचक, बोरिवली

उत्तर : नका बदलू, ताई. पळताना वारा रेडिएटर थंड करतो, म्हणजे रेडिएटर बरा आहे. उभ्या गाडीत ते काम पंख्याचं. काटा चढलेला असताना पंखा फिरतोय का ते ऐका. नसेल तर आधी फ्यूज पाहा. तो ठीक असेल तर मेकॅनिककडून मोटरला बॅटरीवरून थेट तार देऊन बघा. फिरला तर पंखा चालू करणारा थर्मोस्विच किंवा रिले बिघडलाय, नाही फिरला तर मोटर. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडू नका.

प्रश्न : पावसाळ्यात दोन महिने गाडी उभी होती. आता हँडब्रेक सोडला तरी मागची चाकं हलत नाहीत.
— एक वाचक, परळ

उत्तर : ब्रेकशू, म्हणजे चाकाच्या ड्रमला आतून दाबणाऱ्या अस्तर लावलेल्या पट्ट्या, ड्रमला गंजून चिकटलेत. इंजिनच्या जोराने ओढू नका, अस्तर उखडेल. चाक काढून ड्रमला लाकडी ठोकळा लावून हातोडीने सगळीकडून हलके ठोका, सुटेल. मग ड्रम उघडून गंज साफ करून घ्या. पुढल्या जूनमध्ये गाडी गिअरमध्ये ठेवा, चाकामागे वीट लावा, हँडब्रेक ओढू नका.