वाचकांचे प्रश्न : साथरोगतज्ज्ञाला व्हिसा कोण देते?

प्रश्न : गेल्या मे महिन्यात अमेरिकेतील एका विद्यापीठातून मी एमपीएच (सार्वजनिक आरोग्यातील मास्टर्स) पूर्ण केले, एपिडेमिऑलॉजी म्हणजे साथरोगशास्त्र हा माझा विशेष विषय होता. सध्या ओपीटीवर, म्हणजे पदवीनंतर विद्यार्थी व्हिसावरच मिळणाऱ्या कामाच्या मुदतबंद परवानगीवर, एका आरोग्य खात्यात तात्पुरते काम करते आणि सात महिन्यांपासून कायम नोकरी शोधते आहे. "तुम्हाला आता किंवा पुढे स्पॉन्सरशिप लागेल का?", म्हणजे व्हिसासाठी संस्थेने अर्ज करावा लागेल का, या प्रश्नाला "हो" लिहिले की बहुतेक अर्ज तिथेच संपतात. एका राज्याच्या आरोग्य खात्याने तर दोन मुलाखती घेतल्यावर "आम्ही व्हिसा स्पॉन्सर करत नाही" असे कळवले. त्या प्रश्नाला "नाही" लिहून टाक, पुढचे पुढे पाहू, असे मैत्रिणी सुचवतात. साथरोगतज्ज्ञाला व्हिसा देणाऱ्या नोकऱ्या खरोखर असतात का, आणि असल्यास त्या शोधाव्यात कशा?

उत्तर : आधी मैत्रिणींच्या सल्ल्याविषयी. "नाही" लिहू नका. खोटे उत्तर देऊन मिळालेली नोकरी त्याच कारणावरून जाऊ शकते, आणि वर्षभराने ज्या कार्यालयाकडे स्पॉन्सरशिप मागायची त्याच कार्यालयाच्या फायलीत तुमचे ते उत्तर पडून असते. मात्र अर्जात बहुधा एकाखाली एक असे दोन प्रश्न असतात, ते नीट वेगळे वाचा. अमेरिकेत काम करण्याची कायदेशीर परवानगी आहे का, हा पहिला. ओपीटी चालू असताना त्याचे उत्तर "हो" असेच आहे. पुढे स्पॉन्सरशिप लागेल का, हा दुसरा. त्याचेही उत्तर "हो". दुसऱ्या प्रश्नाच्या धास्तीने पहिल्यालाही "नाही" लिहून बसणारे उमेदवार असतात, आणि मग संगणकच त्यांचा अर्ज बाजूला काढतो.

आता मूळ प्रश्न. अशा नोकऱ्या असतात, पण जाहिरातीत "व्हिसा मिळेल" असे शब्द शोधत बसले तर त्यांतल्या फार थोड्या सापडतात, कारण नोकरी कोणती आहे यापेक्षा ती देणारी संस्था कायद्याच्या कोणत्या वर्गात बसते यावर बरेचसे अवलंबून असते. एच-१बी या, परदेशी पदवीधरांना अमेरिकेत नोकरीसाठी मिळणाऱ्या व्हिसाची वार्षिक मर्यादा ६५,००० आहे आणि अमेरिकेतील मास्टर्स किंवा त्यावरील पदवीधरांसाठी आणखी २०,००० जागा आहेत. मार्चमध्ये नोंदणी, त्यानंतर सोडतीने निवड आणि १ ऑक्टोबरपासून काम, असा त्याचा फेरा असतो. परंतु विद्यापीठे, विद्यापीठांशी संलग्न ना-नफा संस्था, ना-नफा संशोधन संस्था आणि सरकारी संशोधन संस्था यांना ही मर्यादा लागू नाही. या संस्था वर्षभरात केव्हाही अर्ज करू शकतात आणि त्यांच्या उमेदवाराला सोडतीत नशीब अजमावावे लागत नाही. या वर्गाला तिकडे सगळेच "कॅप-एक्झेम्प्ट", म्हणजे मर्यादेतून सूट असलेला, म्हणतात. पुढे मीही तोच शब्द वापरतो.

आपल्या व्यवसायातील गंमत अशी की, साथरोगतज्ज्ञांना मोठ्या संख्येने नोकऱ्या देणारी राज्यांची आणि काउंटींची आरोग्य खाती सहसा या वर्गात बसत नाहीत. शिवाय तिथली कितीतरी पदे केंद्राच्या मुदतबंद अनुदानावर चालतात. २०२५ च्या मार्चमध्ये केंद्राने राज्यांना दिलेली कोविडकाळातील अब्जावधी डॉलरची अनुदाने काढून घेण्याचा निर्णय घेतला, तेव्हा हा पाया किती कच्चा आहे ते सर्वांनी पाहिले. ज्या पदाचा पगार पुढच्या वर्षी कुठून येणार हे वरिष्ठांनाच ठाऊक नसते, त्या पदासाठी ते वकील नेमून तीन वर्षांचा अर्ज करतील ही अपेक्षा थोडी जास्तच आहे. त्यामुळे तुम्हाला मिळालेला नकार तुमच्या गुणवत्तेवरचा शेरा समजू नका. केंद्र सरकारच्या नियमित पदांचा तर विचारच सोडा; १९७६ च्या अध्यक्षीय आदेशाने स्पर्धात्मक सेवेतील ती पदे जवळजवळ पूर्णपणे नागरिकांसाठी राखलेली आहेत.

मग आरोग्य खात्याचे काम कायमचे सुटले का? तसे नाही. तेच काम पुष्कळदा विद्यापीठाच्या छताखाली चालते. कर्करोग नोंदणीचे उदाहरण घ्या : आयोवाची नोंदणी आयोवा विद्यापीठात आहे आणि केंटकीची केंटकी विद्यापीठात. रोज येणाऱ्या नोंदी तपासणे, दुबार रुग्ण गाळणे, दर काढणे, एखाद्या भागात रुग्ण जास्त दिसले तर शहानिशा करणे, हे सगळे साथरोगतज्ज्ञाचेच काम, पण पगारपत्रक विद्यापीठाचे. याशिवाय दोन तरतुदी लक्षात ठेवण्यासारख्या आहेत. एखाद्या कॅप-एक्झेम्प्ट नसलेल्या संस्थेचा कर्मचारी निम्मा किंवा त्याहून अधिक वेळ अशा पात्र संस्थेसाठी, तिच्या मूळ उद्दिष्टाला धरून काम करत असेल, तर त्यालाही ही सूट मिळू शकते. आणि जानेवारी २०२५ पासून लागू झालेल्या नियमांनी संशोधन संस्थेची व्याख्या थोडी सैल केली : संशोधन हे संस्थेचे मुख्य कार्य असण्याची गरज उरलेली नाही, ते तिच्या मूलभूत कार्यांपैकी एक असले तरी चालते. मोठ्या ना-नफा रुग्णालयांच्या आणि सरकारी संस्थांच्या बाबतीत हा फरक निर्णायक ठरू शकतो, म्हणून त्यांना एकदम यादीतून काढू नका.

शोधायचे कसे, याचे उत्तर तुमच्याच प्रशिक्षणात आहे. साथ आली की तुम्ही काय करता? केस डेफिनिशन (रुग्ण कोणाला म्हणायचे याची व्याख्या) ठरवता आणि लाइन लिस्ट (एका ओळीत एक रुग्ण अशी यादी) बनवता. इथेही तेच करा. एच-१बीच्या अर्जापूर्वी प्रत्येक संस्थेला श्रम खात्याकडून एलसीए, म्हणजे पगार आणि कामाच्या अटींचे निवेदन, मंजूर करून घ्यावे लागते. त्यात पदाचे नाव, व्यवसायाचा कोड, कामाचे ठिकाण आणि पगार असतो, आणि श्रम खाते ही सगळी माहिती दर तिमाहीला आपल्या संकेतस्थळावर खुली करते. मागील दोन वर्षांच्या फायली उतरवून घ्या आणि व्यवसायाच्या स्तंभात १९-१०४१ हा साथरोगतज्ज्ञांचा कोड गाळा. पण एवढ्यावर थांबलात तर व्याख्या फार काटेकोर होईल आणि खरे रुग्ण निसटतील, कारण हेच काम करणारी माणसे संख्याशास्त्रज्ञ किंवा वैद्यकीय शास्त्रज्ञ यांच्या कोडखालीही दाखवलेली असतात. म्हणून पदाच्या नावाच्या स्तंभातही "एपिडेमिऑलॉजी" शोधा. नंतर दुबार नोंदी काढा : मुदतवाढीसाठी किंवा कामाची जागा बदलल्यावर पुन्हा एलसीए करावे लागते, त्यामुळे तीन ओळींमागे एकच माणूस असू शकतो. शिवाय एलसीए मंजूर होणे म्हणजे व्हिसा मंजूर होणे नव्हे. इमिग्रेशन खात्याच्या एच-१बी एम्प्लॉयर डेटा हबमध्ये संस्थेचे नाव टाकून प्रत्यक्ष किती अर्ज मंजूर झाले ते ताडून पाहा.

एवढे करून जी यादी हाती राहील ती तुम्ही आजवर पाहिलेल्या जाहिरातींपेक्षा अधिक कामाची असेल, कारण त्या संस्थांनी तुमच्यासारख्या माणसासाठी ही प्रक्रिया निदान सुरू तरी केलेली आहे. त्या संस्थांच्या नोकऱ्यांची पाने दर आठवड्याला पाहा आणि पद नसले तरी विभागातील प्राध्यापकांना थोडक्यात पत्र लिहा.

यादीतून पद निवडताना नावाला भुलू नका, शैक्षणिक अट वाचा. एच-१बी हा विशेष व्यवसायासाठीचा व्हिसा आहे, म्हणजे त्या कामाला विशिष्ट विषयातील पदवी लागते हे संस्थेला दाखवून द्यावे लागते. "कोणत्याही शाखेची पदवी चालेल" असे जिथे छापले आहे तिथे वकिलाचे हात बांधलेले असतात. "प्रोग्रॅम कोऑर्डिनेटर" या नावाच्या पदांत हे फार आढळते, मग प्रत्यक्षात दिवसभर लॉजिस्टिक रिग्रेशनसारखे संख्याशास्त्रीय विश्लेषण चालवायचे असले तरी. "एपिडेमिऑलॉजी, बायोस्टॅटिस्टिक्स किंवा निकटच्या विषयातील मास्टर्स" असे लिहिलेले पद त्याहून पुष्कळ बळकट.

आणखी एक गोष्ट आजच करा : तुमच्या आय-२० वर, म्हणजे विद्यापीठाने विद्यार्थी व्हिसासाठी दिलेल्या दाखल्यावर, छापलेला सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा वर्गीकरण क्रमांक) पाहा. तो एपिडेमिऑलॉजीचा, म्हणजे २६.१३०९ असेल, तर पदवी स्टेम (विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी, गणित) यादीत आहे आणि ओपीटीचे १२ महिने संपल्यावर आणखी २४ महिने मिळू शकतात. तो सर्वसाधारण सार्वजनिक आरोग्याचा, ५१.२२०१ असेल, तर ती मुदतवाढ नाही. वर्गात एकाच बाकावर बसलेल्या दोघींचे नशीब या पाच-सहा आकड्यांवर वेगळे होते आणि प्रवेश घेताना हे कोणी सांगत नाही, याचा मला अजूनही राग येतो. स्टेम मुदतवाढीसाठी संस्था ई-व्हेरिफायमध्ये, म्हणजे कर्मचाऱ्यांची कामाची परवानगी पडताळणाऱ्या सरकारी प्रणालीत, नोंदलेली असावी लागते, आणि अर्ज ओपीटी संपण्यापूर्वीच पोहोचला पाहिजे. ओपीटीत एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही, तेव्हा सध्याचे काम दुसरे हाती येईपर्यंत सोडू नका.

मुलाखतीत हा विषय मनुष्यबळ विभागाच्या पहिल्याच फोनवर काढा, पण "स्पॉन्सर करता का?" असे मोघम विचारू नका. "तुमची संस्था एच-१बीसाठी कॅप-एक्झेम्प्ट आहे का, आणि या पदासाठी पूर्वी अर्ज केला आहे का?" असे विचारा. विद्यापीठात मुलाखत घेणाऱ्या प्राध्यापकांना याचे उत्तर अनेकदा माहीत नसते. ते तिथल्या आंतरराष्ट्रीय कार्यालयाला असते. प्राध्यापकांना मात्र अनुदानाची किती वर्षे शिल्लक आहेत, हे विचाराच. एक मर्यादाही सांगून ठेवतो : विद्यापीठातून पुढे एखाद्या औषध कंपनीत जायचे झाले, तर तेव्हा सोडतीतून जावेच लागेल, कारण ही सूट संस्थेला आहे, तुम्हाला नाही.

प्रश्न : मी डॉक्टर असून एमपीएचही केले आहे, सध्या अमेरिकेबाहेर आहे. एक एजंट अमेरिकेत किंवा ब्रिटनमध्ये साथरोगतज्ज्ञाची व्हिसासह नोकरी मिळवून देतो म्हणतो आणि "स्पॉन्सरशिपचा खर्च" म्हणून मोठी रक्कम आगाऊ मागतो. द्यावी का?

उत्तर : देऊ नका. अमेरिकेत एच-१बी अर्जाचे शुल्क आणि त्यासाठीच्या वकिलाचा खर्च कर्मचाऱ्याच्या माथी मारता येत नाही. ब्रिटनमध्येही स्किल्ड वर्कर व्हिसाच्या स्पॉन्सरशिप प्रमाणपत्राचे शुल्क कर्मचाऱ्याकडून वसूल करण्यास मनाई आहे. तुमच्या स्वतःच्या व्हिसा अर्जाचे शुल्क तेवढे तुमचे. शिवाय १९ सप्टेंबर २०२५ च्या अध्यक्षीय घोषणेने अमेरिकेबाहेरच्या उमेदवारांसाठीच्या नव्या एच-१बी अर्जांवर १,००,००० डॉलरची रक्कम लादली, आणि विद्यापीठेही तिच्यातून आपोआप सुटलेली नव्हती. घोषणेची मूळ मुदत १२ महिन्यांची आहे आणि तिला न्यायालयात आव्हानेही मिळाली आहेत, तेव्हा अर्जाच्या वेळी ती कोणत्या स्थितीत आहे ते पाहावे. संशोधनासाठी येणाऱ्यांना विद्यापीठे जे-१ हा देवाणघेवाणीच्या कार्यक्रमांचा व्हिसाही मिळवून देतात, पण त्यात काहींना नंतर दोन वर्षे मायदेशी राहण्याची अट लागू होते. ती आपल्याला लागेल का, हे सही करण्यापूर्वी विचारून घ्या.

ब्रिटनचे त्या मानाने सोपे आहे, कारण स्पॉन्सर करण्याचा परवाना असलेल्या संस्थांची संपूर्ण यादी तिथले सरकार प्रसिद्ध करते. एजंटाने सांगितलेले नाव त्या यादीत नसेल तर बोलणे तिथेच थांबवा. नाव असले तरी पगार विचारा : २२ जुलै २०२५ पासून या व्हिसाची सर्वसाधारण किमान मर्यादा वर्षाला ४१,७०० पौंड आहे. काही गटांना यात सवलत मिळते, पण कोणत्या सवलतीखाली तुमचा अर्ज जाणार हे लेखी देण्यास जो कचरतो, त्याच्या हाती बहुधा नोकरी नसतेच.