मालिकेची ईपी आहे, आता स्वतःचा चित्रपट करायचा म्हणते…

सांगलीहून एका वडिलांचं पत्र आलं आहे. मुलगी २७ वर्षांची, मास कम्युनिकेशन झालेली. चार वर्षं मुंबईत राहून टीव्ही मालिकांची निर्मिती सांभाळते आणि सध्या एका मराठी मालिकेची ईपी, म्हणजे कार्यकारी निर्माती आहे. आता नोकरी सोडून चित्रपट करायचं म्हणते आणि त्यासाठी लग्नाकरता ठेवलेल्या एफडीतले १५ लाख मागते. वडील विचारतात, "टीव्हीवाल्यांना चित्रपटात कोणी विचारत नाही म्हणतात. तिला अडवू की पैसे देऊ?"

नमस्कार. टीव्हीवाल्यांना कोणी विचारत नाही, ही भीती आधी मनातून काढून टाका. सई परांजपे यांचंच बघा. पुण्यात आकाशवाणी, मग दिल्लीत राष्ट्रीय नाट्य विद्यालय आणि त्यानंतर दूरदर्शनवर निर्मात्या म्हणून नोकरी. तिथे त्यांनी नाटुकली लिहिली, बसवली, टेलिफिल्म केल्या. १९७४ साली बालचित्रपट संस्थेसाठी 'जादू का शंख' केला आणि पुढे 'स्पर्श', 'चष्मेबद्दूर', 'कथा'. 'स्पर्श'च्या पटकथेला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. यातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट अशी की 'स्पर्श' आणि 'चष्मेबद्दूर' या दोन्हींचं बीज त्यांच्या टीव्हीवरच्या कामात होतं. आधी छोट्या पडद्यासाठी लिहिलेली गोष्ट त्यांनी पुन्हा हातात घेतली आणि मोठी केली. नोकरीची वर्षं त्यांच्या पुरेपूर कामी आली.

पण तुमच्या मुलीची नोकरी तशी नाही. तेव्हाच्या दूरदर्शनवर निर्माता विषय निवडायचा, बऱ्याचदा स्वतः लिहायचा आणि दिग्दर्शनही करायचा. आजच्या रोजच्या मालिकेत ही कामं वेगवेगळ्या माणसांकडे असतात. कथा एक जण लिहितो, पटकथा दुसरा, संवाद तिसरा. कथेला कुठलं वळण द्यायचं ते चॅनेलशी बोलून ठरतं आणि गुरुवारी टीआरपी आला की तेही बदलू शकतं. ईपी या सगळ्यांच्या मधोमध उभी असते. सकाळी सातची शिफ्ट असली तर पहाटेपासून तिचा फोन सुरू. नायिकेला ताप आला, तिचे सीन मागे टाका. आजीचं काम करणाऱ्या बाईंना नाटकाच्या प्रयोगासाठी चारला सोडायचंय, त्यांचे सीन आधी उरका. दुपारचा सीन लेखकाकडून अजून आलेला नाही, एपिसोडची बँक, म्हणजे आधीच शूट करून ठेवलेले एपिसोड, संपत आली आहे आणि आजचा एपिसोड आजच चॅनेलला जायला हवा. हे सगळं निभावून रात्री उद्याचं कॉलशीट, म्हणजे कोणी किती वाजता सेटवर यायचं त्याचा तक्ता, काढायचं. चार वर्षं हे जिनं केलं, ती मुलगी लेचीपेची नाही. तुम्ही तिचा अभिमान बाळगावा असं हे काम आहे.

म्हणून तिला एकच गोष्ट विचारा: तुला चित्रपटाची निर्माती व्हायचंय की दिग्दर्शक?

निर्माती व्हायचं असेल तर ती योग्य जागी आहे. बालाजी टेलिफिल्म्स १९९४ साली मालिकांसाठी सुरू झाली. एकता कपूर यांनी २००१ मध्ये चित्रपटनिर्मितीत पाऊल टाकलं आणि २०११ मध्ये 'द डर्टी पिक्चर' केला. रॉनी स्क्रूवाला यांची यूटीव्हीसुद्धा आधी टीव्हीचे कार्यक्रम करायची, 'रंग दे बसंती' नंतरचा, २००६चा. बजेट, तारखा, माणसं सांभाळणं तुमच्या मुलीला येतंच आहे. तिनं आता एखाद्या चित्रपटाच्या निर्मितीत लाइन प्रोड्युसरच्या, म्हणजे शूटिंगचा रोजचा खर्च आणि व्यवस्था बघणाऱ्याच्या, हाताखाली काम मिळवावं आणि चित्रपट विकला कसा जातो ते शिकावं, कारण मालिकेत ते शिकायला मिळत नाही.

दिग्दर्शक व्हायचं असेल तर मात्र ईपीच्या खुर्चीत आणखी चार वर्षं काढून ती तिथे पोचणार नाही. तिला लेखनाच्या किंवा दिग्दर्शनाच्या टीममध्ये जावं लागेल, पगार कमी झाला तरी. केदार शिंदे, सतीश राजवाडे, हिंदीत अनुराग बासू, या सगळ्यांनी टीव्हीवर दिग्दर्शनच केलं होतं. पुण्याच्या एफटीआयआयला, म्हणजे सरकारी चित्रपट प्रशिक्षण संस्थेला, कुठल्याही शाखेच्या पदवीधराला प्रवेश परीक्षा देता येते. चित्रपट दिग्दर्शनाचा अभ्यासक्रम ३ वर्षांचा आहे. सत्ताविसाव्या वर्षी त्याला उशीर झालेला नाही.

आता पैशांचं. एफडी मोडू नका. मुलीवर विश्वास नाही म्हणून हे सांगत नाही. १५ लाखांत पूर्ण लांबीचा चित्रपट फार तर शूट होईल. पुढे एडिटिंग, साउंड मिक्सिंग, कलर, सेन्सॉर, प्रसिद्धी हे सगळं उरतं, आणि कितीतरी चित्रपट याच टप्प्यावर अडकून पडतात. शासनाचं अर्थसाहाय्य मिळतं तेही चित्रपट पूर्ण होऊन त्याचं परीक्षण झाल्यावर. त्या भरवशावर सुरुवात करू नये.

त्याऐवजी तिनं चालू मालिका संपेपर्यंत थांबावं आणि पुढची लगेच घेऊ नये. टीव्हीत मानधन ९० दिवसांनी हाती येतं, त्यामुळे मालिका संपल्यावरही काही महिने पैसे येत राहतील. त्या काळात तिचं मुंबईतलं घरभाडं तुम्ही भरा. तुमची खरी मदत ही. त्या वेळात तिनं पटकथा लिहावी, कोणाला दाखवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे तिची नोंदणी करावी आणि स्वतःच्या बचतीतून दहा-पंधरा मिनिटांचा लघुपट करावा. कॅमेरामन, एडिटर, मेकअपदादा तिच्या ओळखीचे आहेत आणि चार वर्षं तिनं त्यांना नीट वागवलं असेल तर दोन दिवस ते नक्की देतील. लघुपट आणि पटकथा हातात असली की निर्मात्यांकडे जाता येतं, गोव्यात नोव्हेंबरमध्ये भरणाऱ्या 'वेव्हज फिल्म बाजार'लाही (आधीचा एनएफडीसी, म्हणजे राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाचा, फिल्म बाजार; इथे चित्रपटकर्ते आणि निर्माते भेटतात) जाता येतं.

आणखी एक. तिची गोष्ट काय आहे, हे पत्रात कुठेच नाही. तुम्ही तिला विचारलंत का? या रविवारी फोनवर पैशांचा विषय काढू नका, तिला ती गोष्ट सांगायला लावा. मग तिलाच मला लिहू द्या.