फुकटचे ईमेल खाते, पत्रे मात्र आपल्या घरात

प्रश्न : माझ्याकडे ईमेलसाठी २०१० सालचे आउटलुक आहे. जीमेलचा पासवर्ड बरोबर टाकला तरी ते तो नाकारते. ब्राउझरमध्ये तोच पासवर्ड चालतो. असे का? (निवृत्त बँक कर्मचारी, सांगली)

उत्तर : तुमचे काही चुकलेले नाही. ३० मे २०२२ पासून गूगलने साध्या खात्यांसाठी नुसत्या नाव-पासवर्डावर बाहेरच्या प्रोग्रॅमला आत घेणे बंद करायला सुरुवात केली. हल्लीचे प्रोग्रॅम गूगलचीच खिडकी उघडतात, तुम्ही तिथे लॉगिन करता आणि प्रोग्रॅमला पासवर्डाऐवजी एक परवाना मिळतो. या पद्धतीला ओऑथ म्हणतात. तुमच्या आउटलुकला ती येत नाही.

एक वाट आहे. गूगल खात्यात टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डानंतर ओळखीची आणखी एक खात्री) सुरू करा आणि ‘ॲप पासवर्ड’ तयार करा. १६ अक्षरे मिळतील, ती नेहमीच्या पासवर्डाच्या जागी आउटलुकमध्ये टाका. ती एकदाच दिसतात, तेव्हा खिडकी बंद करण्याआधीच टाका. याहूमेललाही ॲप पासवर्डच लागतो. हॉटमेलचे खाते असेल तर मात्र नाद सोडा. मायक्रोसॉफ्टने १६ सप्टेंबर २०२४ पासून तिथे ओऑथ सक्तीचे केले आहे आणि ॲप पासवर्डही चालत नाही. माझे मत विचाराल तर आउटलुकऐवजी थंडरबर्ड हा ईमेलचा प्रोग्रॅम घ्या. ते फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स तिन्हींवर चालते, आणि नाव व पत्ता टाकला की सर्व्हर, पोर्ट वगैरे बहुतेक स्वतःच शोधून काढते.

प्रश्न : जागा व्हावी म्हणून थंडरबर्डमधली जुनी पत्रे पुसली, तर ती फोनवरच्या जीमेलमधूनही गेली! दोन वर्षांचा पत्रव्यवहार होता. परत मिळेल का? (अनुवादक, नाशिक)

उत्तर : हे वाचायच्या आधी ब्राउझरमध्ये जीमेल उघडून ‘बिन’, म्हणजे कचरापेटी, बघा. पुसलेली पत्रे तिथे ३० दिवस राहतात. मुदत उलटली नसेल तर सगळी निवडून इनबॉक्समध्ये परत आणा. पुढचे मग वाचा.

प्रोग्रॅमने पत्रे आणण्याच्या दोन रीती आहेत. पॉप म्हणजे पोस्टात जाऊन पत्रे घरी आणणे. आयमॅप म्हणजे पत्रे पोस्टाच्याच कपाटात ठेवून घरबसल्या ती चाळणे. फोनवर वाचलेले पत्र संगणकावरही वाचलेले दिसते, ही सोय आयमॅपमुळेच. पण कपाट एकच असल्याने संगणकावर पुसलेले पत्र सगळीकडून जाते. थंडरबर्ड आपण होऊन आयमॅपच सुचवते आणि पत्रे डिस्कवर उतरलेली दिसतात, म्हणून आपल्याकडे प्रत आहे असे वाटते. ती प्रत नाही, सावली आहे. चांगली जाणती माणसे इथे फसतात आणि याचे मला फार वाईट वाटते, कारण तो प्रोग्रॅम हा फरक कुठेच ठळकपणे सांगत नाही.

खरी प्रत हवी तर थंडरबर्डमध्ये डावीकडे सगळ्यांत खाली ‘लोकल फोल्डर्स’ असतात. त्यात ठेवलेले पत्र फक्त तुमच्या डिस्कवर असते. सर्व्हरवरच्या, म्हणजे त्या पोस्टाच्या कपाटातल्या, घडामोडी त्याला स्पर्श करत नाहीत.

प्रश्न : आमच्या दिवाळी अंकाचे खाते भरले. १५ जीबी संपल्याने लेखकांची पत्रे परत जाताहेत. जुनी पत्रे संगणकावर हलवता येतील? (संपादक, कोल्हापूर)

उत्तर : येतील, पण ‘मूव्ह’ वापरू नका. मधेच वीज गेली किंवा नेट तुटले तर किती पत्रे पोचली हे शोधत बसावे लागते. आधी अकाउंट सेटिंग्जमध्ये ‘सिंक्रोनायझेशन अँड स्टोरेज’खाली पत्रे या संगणकावर ठेवण्याच्या पर्यायावर खूण करा आणि सगळे उतरू द्या. याला एखादी रात्र लागेल. मग लोकल फोल्डर्समध्ये वर्षवार फोल्डर करून एकेका वर्षाची पत्रे ‘कॉपी’ करा. दोन्हीकडची संख्या जुळवा, नेट बंद करून चारपाच जोडपत्रे उघडून बघा आणि मगच जीमेलमधले ते वर्ष पुसा. बिन रिकामी केल्याशिवाय जागा मोकळी होत नाही. हे १५ जीबी ड्राइव्ह आणि फोटोंचेही मिळून असतात, तेव्हा अडगळ तिकडेही असू शकते.

आता अंकाची पत्रे एकाच डिस्कवर राहिली. थंडरबर्ड बंद करून त्याचे ‘प्रोफाइल’ फोल्डर (ही सगळी पत्रे त्यातच असतात) बाहेरच्या डिस्कवर उतरवा, दर महिन्याला. एक डिस्क बिघडल्याने माझी स्वतःची चार वर्षांची पत्रे गेली, त्यात वडिलांची दोन होती.

प्रश्न : प्रोटॉनमेलचे मोफत खाते थंडरबर्डमध्ये जोडता येईल? (विद्यार्थिनी, मडगाव)

उत्तर : नाही. त्यासाठी लागणारे ‘ब्रिज’ हे प्रोटॉनचे जोडणीचे सॉफ्टवेअर फक्त पैसे भरणाऱ्यांना मिळते.

प्रश्न : वीसेक वर्षांपूर्वीची मराठी पत्रे उघडली की नुसती अगम्य चिन्हे दिसतात. (वाचक, डोंबिवली)

उत्तर : हे दोन वेगळे आजार असू शकतात. पत्र युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षरे साठवण्याच्या आजच्या सर्वमान्य पद्धतीत, असूनही प्रोग्रॅमने लिपीची खूणगाठ चुकीची ओळखली असेल, तर थंडरबर्डच्या ‘व्ह्यू’ मेनूतले ‘रिपेअर टेक्स्ट एन्कोडिंग’ बहुधा एका फटक्यात अक्षरे सरळ करते. पण पत्र शिवाजी किंवा श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टंकलेले असेल, तर आत मराठी अक्षरे नाहीतच. इंग्रजी कळांना मराठी आकार चढवलेले आहेत. तो फाँट बसवला तर वाचता येईल. जपायचे असेल तर त्याच फाँटसाठी केलेल्या परिवर्तकातून मजकूर युनिकोडमध्ये आणा. एका फाँटचा परिवर्तक दुसऱ्याला चालत नाही. मूळ पत्र मात्र फेकू नका.

प्रश्न : बाबा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या संगणकावर थंडरबर्डमध्ये जीमेल अजून उघडते. पासवर्ड आम्हाला माहीत नाही. ही पत्रे राहतील ना? (वाचक, न्यू जर्सी)

उत्तर : आपोआप राहतील असे धरून चालू नका. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते गूगल पुसू शकते. मृत व्यक्तीच्या खात्यासाठी गूगलकडे रीतसर अर्ज करता येतो, तोही करा, पण मजकूर मिळेलच असे नाही. आज हाताशी आहे तो हा संगणक. घरच्यांची, वारसांची संमती असेल तर तो जिथे असेल तिथे कुणाला तरी बसवा आणि वर संपादकांना सांगितले तसे सगळे लोकल फोल्डर्समध्ये कॉपी करून दोन वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. ते होईपर्यंत पासवर्ड बदलण्याचा प्रयत्न कुणी करू नये. तो बदलला की थंडरबर्डचा परवाना रद्द होतो. विंडोज नव्याने टाकायला दुकानात तर मुळीच देऊ नका.