आजोबांच्या काळातली मोडती (नळी मधून मोडून छर्रा भरायची) एअरगन, कंपनी बंद, छर्रा दहा हातांवरच पडतो. घरी दुरुस्त होईल का?

होईल. तुम्ही लिहिलेल्या खुणांवरून पिस्टनवरचा (सिलिंडरमध्ये स्प्रिंगच्या जोराने पुढे जाऊन हवा दाबणाऱ्या दट्ट्यावरचा) चामडी वॉशर वाळलेला दिसतो. पण आधी एक सांगतो : हे फक्त स्प्रिंगच्या एअरगनसाठी आहे. घरात जुनं रिव्हॉल्व्हर असेल तर त्याला हात लावू नका. शस्त्र कायदा 1959 प्रमाणे तसल्या हत्याराच्या दुरुस्तीचाही परवाना लागतो.

खोलण्याआधी नळीत छर्रा नाही आणि स्प्रिंग ताणलेली नाही, याची खात्री करा. गंजलेल्या स्क्रूंना रात्रभर रॉकेल लावून ठेवा आणि खाचेत घट्ट बसेल असाच पेचकस घ्या. एकदा खाच चेपली की स्क्रू ड्रिलनेच काढावा लागतो. प्रत्येक पिनेचा मोबाईलवर फोटो काढा.

खरा धोका सिलिंडरच्या मागच्या बुचाचा. गन ताणलेली नसली तरी आत स्प्रिंग तीन-चार सेंटिमीटर दाबलेली असते. पिना काढताच बूच गोळीसारखं सुटतं. सुताराचा लांब शिकंजा लावून बूच दाबून धरा, मग पिना काढा, आणि शिकंजा अर्धा-अर्धा फेरा सोडत जा. तोंड कधीच त्या रेषेत नको.

तयार वॉशर न मिळाल्यास करता येतो. चांभाराकडून तळव्याचं 3 मिलिमीटर चामडं घ्या. चपलेच्या वरच्या पट्ट्याचं मऊ चामडं आकार धरत नाही. सिलिंडर 25 मिलिमीटरचा असेल तर साधारण 40 मिलिमीटरची चकती कापा, कोमट पाण्यात भिजवा, तेवढ्याच आतल्या मापाच्या पाइपच्या तुकड्यात गोल लाकडाने दाबून वाटी करा. दोन दिवस सावलीत वाळवा. वैशाखाच्या उन्हात ठेवलीत तर तडकेल. काठ 5 मिलिमीटर ठेवून बाकी कापा. फवारणी पंपाचा वॉशर मापात बसला तर तोही चालतो, पण चामडं पातळ असलं तर लवकर फाटतो.

वाटीचं तोंड पुढे, नळीकडे. उलटी बसली तर हवेच्या दाबाने काठ फुलण्याऐवजी आत दबतो आणि सगळी मेहनत वाया जाते. वॉशर रात्रभर एरंडेलात ठेवा, मग पुसून कोरडा करा. जवसाचं तेल इथे नको : ते वाळून कडक होतं. लाकडी दस्त्याला मात्र त्यासारखं दुसरं नाही. या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकू नका, आपोआप पेट घेतात, पसरून वाळवा.

पिस्टन आत सरकवताना सिलिंडरच्या खाचेच्या धारा नवा वॉशर कापतात. बारीक कानशीने त्या आधी बोथट करा आणि कीस रॉकेलने धुऊन सिलिंडर कोरडा पुसा.

स्प्रिंग काचेवर लोळवा. डुगडुगली तर वाकली आहे. बदला, पण त्याच जाडीची, त्याच लांबीची. जास्त ताकदीची घातली तर लॉक (ताणलेला पिस्टन अडकवून धरणारा चापाचा दात) झिजतो आणि दस्ता फाटतो. स्प्रिंगला ग्रीसचा पातळ हात पुरे. सिलिंडरमध्ये डिझेल किंवा पातळ तेल जाऊ देऊ नका, दाबाने ते पेटतं आणि पुढे स्प्रिंग तुटते.

जोडल्यावरही ताकद कमी वाटली तर नळीच्या सांध्यावर कापसाचे दोन विरळ तंतू ठेवून छर्ऱ्यासह चालवा. ते उडाले तर तिथली रबराची कडी गेलेली आहे. नवी कडी पृष्ठभागाच्या किंचित वर राहिली पाहिजे.

रिकामी कधी चालवू नका : समोर छर्ऱ्याची आडकाठी नसली की पिस्टन थेट लोखंडावर आदळतो. चाचणीला दहा मीटरवर मातीने भरलेली खताची गोणी ठेवा, मागे कोणी नको. पक्षी, माकडं यांच्यावर धरू नका, वन्यजीव कायदा 1972 आड येतो.

चापाचा दात कानशीने घासू नका, चाप हलका वाटावा म्हणूनसुद्धा. दात निसटला तर मोडलेली नळी झटक्यात बंद होते, आणि तेव्हा छर्रा भरणारी बोटं तिथेच असतात. म्हणून पहिले पन्नास छर्रे भरताना नळी दुसऱ्या हाताने घट्ट धरूनच ठेवा.