पहिलं अर्धं मिनिट मुकं का?

ताई, तुमचे प्रश्न दोन. अमेरिकेतल्या पोलीस गाडीच्या कॅमेऱ्याचा जो व्हिडिओ तुम्ही पाहिलात, त्यात पहिलं अर्धं मिनिट चित्र आहे पण आवाज नाही, मग एकदम सायरन सुरू. म्हणजे पोलिसांनी काहीतरी कापलं का? आणि दुसरा, दादर-ठाणे रोजच्या प्रवासात तुमच्या गाडीतला डॅशकॅम वेळ आली तर पुरावा म्हणून चालेल का?

पहिल्याचं उत्तर: फक्त तेवढ्यावरून कापाकापी झाली असं म्हणता येत नाही. यंत्र तसंच बनवलेलं असतं. दुसऱ्याचं उत्तर जरा लांब आहे.

मी कुर्ल्यात गाड्यांचं वायरिंग करतो. आधी टेप बसवायचो, मग रिव्हर्स कॅमेरे आले, आता शाळेच्या बस आणि टेम्पोंचे डॅशकॅम. पोलिसांचं यंत्र महाग असतं, पण तत्त्व एकच. पावसाळ्यात पागोळीखाली बादली ठेवतो ना, तसं समजा. बादली भरली तरी धार थांबत नाही. नवं पाणी पडतं, जुनं सांडत राहतं. गाडी चालू असली की कॅमेरा सतत टिपत असतो आणि शेवटची तीस सेकंदं किंवा एखाद-दोन मिनिटं तात्पुरती धरून ठेवतो. किती, ते त्या-त्या पोलीस खात्याने ठरवायचं. रेकॉर्डिंगची खूण मिळाली की हातातली बादली जपून ठेवायची आणि तिथून पुढचंही सगळं साठवायचं. म्हणून सिग्नल तोडणारी गाडी व्हिडिओत दिसते, पोलिसाने बटण नंतर दाबलेलं असलं तरी. या आधीच्या तुकड्यात बऱ्याच ठिकाणी आवाज मुद्दाम धरत नाहीत, कारण गस्तीवरचे दोघे दिवसभर घरच्या गप्पा मारत असतात, त्या साठवायचं कारण नसतं. तुमचं मुकं अर्धं मिनिट बहुधा हेच.

खूण मिळते कशी? बटण असतंच, पण भरवसा त्याच्यावर ठेवत नाहीत. टपावरच्या दिव्याच्या स्विचमधून एक वायर रेकॉर्डरकडे जाते. दिवा लागला की रेकॉर्डिंग सुरू. सायरन, ठरावीक वेगाच्या वर जाणं, आपटल्याचा धक्का ओळखणारा सेन्सर, काही गाड्यांत बंदुकीच्या रॅकचं कुलूप, यांनाही जोडता येतं. माणूस घाईत बटण विसरतो, पण दिवा लावल्याशिवाय पाठलाग कोण करतो? चित्रावर वेळ, जीपीएसचं ठिकाण आणि वेग उमटतात.

एकेकाळी डिकीत चक्क व्हीएचएसचा व्हिडिओ रेकॉर्डर असायचा. १९९१ साली टेक्ससमध्ये डॅरेल लन्सफोर्ड नावाच्या कॉन्स्टेबलने रात्री एक गाडी अडवली आणि त्यातल्या तिघांनी त्याला ठार मारलं. ते सगळं त्याच्याच गाडीतल्या कॅमेऱ्याने टिपलं आणि खटल्यात तोच मुख्य पुरावा ठरला. पुढे अमेरिकेच्या केंद्र सरकारने अशा कॅमेऱ्यांसाठी अनुदान दिलं. तिथल्या राज्य पोलिसांच्या गस्ती गाड्यांत २००० साली ११ टक्क्यांत कॅमेरे होते, २००३ पर्यंत ७२ टक्क्यांत आले.

पण आवाजाची दुसरी बाजूही सांगायला हवी, नाहीतर मी पोलिसांचा वकील वाटेन. बाहेरचं बोलणं पोलिसाच्या अंगावरच्या बिनतारी माइकमधून येतं. तो चार्ज केलेला नसेल किंवा जोडलेला नसेल, तर अख्खा व्हिडिओ मुका. शिकागोत २०१४ साली लक्वान मॅकडोनाल्ड या सतरा वर्षांच्या मुलावर पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. घटनास्थळी कॅमेऱ्यांच्या गाड्या होत्या, पण धड आवाज एकीतही नाही. तरी नुसत्या चित्राने पोलिसांचे लेखी अहवाल खोटे पाडले. तेव्हा पहिली तीस सेकंदं मुकी असतील तर घाबरू नका. पुढची दहा मिनिटंही मुकी असतील, तर मात्र विचारा.

आता आपल्याकडे. मुंबईत रस्त्यावरच्या पाळतीचा भर खांबांवरच्या कॅमेऱ्यांवर आहे. २६/११ नंतर ठरलेलं ते जाळं २०१६ मध्ये सुरू झालं. पण कॅमेरा खांबावर असो, पोलीस गाडीत असो की तुमच्या काचेवर, कोर्टात प्रश्न तोच येतो: ही फाइल मूळची, की कुणीतरी हात फिरवलेली? अमेरिकेत गाडी ठाण्यात आली की फाइल वायफायवरून आपोआप सर्व्हरवर चढते, आणि कुणी कधी उघडली त्याची नोंद राहते. फाइलचा हॅश काढतात, म्हणजे तिच्यातल्या प्रत्येक आकड्यावरून बनलेली एक लांबलचक खूण. एक ठिपका बदलला तरी खूण सगळीच बदलते.

आपल्या कायद्यातही आता हेच आहे. आपल्या जालन्याच्या २०१४ च्या निवडणुकीतला वाद आठवतो? उमेदवारी अर्ज वेळेनंतर दाखल झाला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या दालनातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. तो खोतकर-गोरंट्याल खटला सुप्रीम कोर्टापर्यंत गेला, आणि २०२० साली कोर्टाने सांगितलं की मूळ यंत्र हजर करत नसाल, नुसती प्रत देत असाल, तर ती कुठल्या यंत्रातून कशी काढली हे सांगणारं प्रमाणपत्र हवंच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यायचं, एक तुमचा, एक तज्ज्ञाचा. दोन्हींत हॅश लिहावा लागतो.

म्हणून व्हॉट्सअॅपची सवय सोडा. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या टेम्पोला विक्रोळीजवळ मागून ठोकर बसली. ड्रायव्हरने हुशारीने क्लिप मोबाइलवर घेतली, मालकाला व्हिडिओ म्हणून पाठवली आणि कार्ड तसंच कॅमेऱ्यात ठेवून टेम्पो पळवत राहिला. व्हॉट्सअॅप व्हिडिओ दाबून लहान करतं, म्हणजे ती फाइल दुसरीच. नंबरप्लेटचे आकडेही विरघळले होते. विम्याच्या सर्व्हेअरने मूळ फाइल मागितली तेव्हा चार दिवस उलटले होते. हिशेब बघा: सेकंदाला पंधरा मेगाबिटने लिहिणारा कॅमेरा तासाला पावणेसात जीबी खातो, म्हणजे ६४ जीबीचं कार्ड साडेनऊ तासांच्या आत भरतं. टेम्पोचा एक दिवस. बादली कधीच सांडून गेली होती.

तर काही झालं की आधी कॅमेऱ्यावरचं लॉकचं बटण दाबा, म्हणजे त्या फाइलवर पुन्हा लिहिलं जात नाही. मग कार्ड काढून पाकिटात ठेवा, तारीख-वेळ लिहा, कॅमेऱ्यात दुसरं घाला. प्रत करायची तर कार्ड रीडरने लॅपटॉपवर. कॅमेऱ्याचं घड्याळ महिन्यातून एकदा मोबाइलशी ताडून बघा. पंधरा मिनिटं पुढे असलेल्या घड्याळाने समोरच्या वकिलाची सोय होते. आणि कार्ड काढण्याआधी इग्निशन बंद करून दिवा विझेपर्यंत थांबा. चालू कॅमेऱ्यातून ओढलंत तर खराब होते ती शेवटची फाइल, आणि अपघात असतो नेमका त्याच फाइलमध्ये.