बी.एस्सी. गणित, फायनान्सची ओढ आणि घरातली चुळबूळ

गणितात बी.एस्सी. करणाऱ्या मुलाला पुढे फायनान्समध्ये जाता येते का, की त्याने वेळीच बी.कॉम. धरायला हवे होते, ही विचारणा वडोदऱ्यात माझ्याकडे दर निकालानंतर येते. ती बहुधा पालकांकडून येते आणि मूल दुसऱ्या वर्षाला असताना येते, कारण पहिल्या वर्षीचे कॅल्क्युलस बारावीच्या पुण्याईवर निभावते आणि रिअल ॲनालिसिस, म्हणजे त्याच कॅल्क्युलसच्या काटेकोर सिद्धता, सुरू झाले की घरात चुळबूळ सुरू होते. पुढे दिलेला प्रसंग अशाच एका घरातला आहे. ओळख पटेल असे तपशील अर्थातच वगळले आहेत.

दांडिया बाजार भागात राहणाऱ्या या गृहस्थांची नोकरी एका पतपेढीच्या कर्ज विभागात झाली होती आणि मुलगा महाराजा सयाजीराव विद्यापीठात गणित घेऊन दुसऱ्या वर्षात शिकत होता. वडिलांनी बसल्या बसल्याच गाऱ्हाणे मांडले. "ताई, हा म्हणतो मला फायनान्स करायचंय. पण वह्या उघडून बघा, नुसतं एप्सिलॉन आणि डेल्टा. पैशाचा 'प'सुद्धा कुठं नाही. त्यापेक्षा सी.ए.ला बसला असता तर एव्हाना निम्मं अंतर कापलं असतं." मुलगा मान खाली घालून बसला होता. ॲनालिसिसच्या पेपरात तो जेमतेम उत्तीर्ण झाला होता.

अशा वेळी मी आधी विद्यार्थ्याशी एकट्याशी बोलते, कारण 'फायनान्स' म्हणताना घरातील प्रत्येकाच्या मनात वेगळे चित्र असते. वडिलांच्या मनात ताळेबंद आणि लेखापरीक्षण होते. मुलाच्या मनात ऑप्शन्सचे, म्हणजे ठरलेल्या भावाला शेअर घेण्याचा किंवा विकण्याचा हक्क देणाऱ्या करारांचे, तक्ते होते. मित्रांच्या मोबाइलवर पाहिलेल्या नफ्याच्या आकड्यांनी त्याला असे वाटू लागले होते की गणित चांगले असेल तर बाजार आधी ओळखता येतो. शेअर बाजाराची नियामक संस्था सेबीने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार आर्थिक वर्ष २०२२ ते २०२४ या काळात फ्युचर्स-ऑप्शन्समध्ये व्यवहार करणाऱ्या वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ टक्के तोट्यात गेले, हे मी त्याला सांगितले. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, ऑप्शनच्या किमतीचे ब्लॅक-शोल्स यांनी १९७३ मध्ये मांडलेले प्रसिद्ध सूत्र शेअर वर जाणार की खाली, हे सांगतच नाही. शेअरचा भाव किती हेलकावे खातो, हे गृहीत धरून आजची रास्त किंमत किती, एवढेच ते सांगते. या विषयातले बहुतेक गणित भाकिताचे नसून किंमत ठरवण्याचे आणि जोखीम मोजण्याचे आहे, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याचा हिरमोड झाला आणि तो व्हायलाच हवा होता, असे माझे मत आहे.

नंतर दोघांना समोरासमोर बसवून मी एक उदाहरण दिले, जे मी फायनान्सची आवड सांगणाऱ्या बहुतेक मुलांना देते. एक लाख रुपयांचे कर्ज बारा महिन्यांत फेडायचे आहे आणि व्याज 'फ्लॅट' बारा टक्के आहे, म्हणजे एक लाख बारा हजारांचे बारा समान हप्ते, प्रत्येकी ९,३३३ रुपये. मुद्दल दरमहा कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण रकमेवर वर्षभर आकारले जाते. तर या कर्जाचा घटत्या शिलकीवरचा खरा दर किती?

वडिलांनी क्षणाचाही विचार न करता सांगितले, "जवळपास दुप्पट धरायचा. आम्ही काउंटरवर तसंच धरायचो." का, हे मात्र त्यांना सांगता येईना. मुलाने कागद ओढला, हप्त्यांची आजची किंमत भूमिती श्रेढी म्हणून लिहिली आणि बेरीज केली. मासिक दर एक टक्का असता तर हप्ता सुमारे ८,८८५ रुपये आला असता, हे चटकन निघाले. पण हप्त्यावरून दर काढायला गेल्यावर समीकरण सुटेना, कारण दर बाहेर काढून देणारे सोपे सूत्रच नाही. मग त्याने मोबाइलच्या कॅल्क्युलेटरवर अंदाज घ्यायला सुरुवात केली. दोन टक्क्यांना हप्ता ९,४५६ आला, १.८ टक्क्यांना ९,३४० आणि १.७९ टक्क्यांना ९,३३४. वर्षाला साधारण साडेएकवीस टक्के. वडील कागदाकडे वाकून पाहत होते.

मी मुलाला विचारले, की याला दुसरे एखादे उत्तर नसेलच कशावरून? तो थोडा वेळ थांबला आणि म्हणाला, दर वाढला की हप्ता सलगपणे वाढतच जातो, म्हणून ९,३३३ ही रेषा तो एकदाच ओलांडू शकतो. म्हणजे सातत्य, एकदिश (एकाच दिशेने वाढत किंवा घटत जाणारे) फलन आणि इंटरमीजिएट व्हॅल्यू थिअरम, जे त्याने परीक्षेत अर्धवट लिहून सोडले होते. ही शंका पुस्तकी नाही. ज्या प्रकल्पात सुरुवातीला पैसे घालावे लागतात, मध्ये उत्पन्न येते आणि शेवटी पुन्हा मोठा खर्च होतो, उदाहरणार्थ खाण बंद करताना, तिथे परताव्याचे दोन वेगवेगळे दर निघू शकतात आणि संगणक त्यांपैकी एकच मुकाट्याने दाखवतो.

एका उदाहरणाने आवड सिद्ध होत नाही, हे मी दोघांनाही बजावले. सिद्धतेचा मनापासून तिटकारा असलेल्या मुलाला मी गणितात रेटत नाही; त्याच्यासाठी संख्याशास्त्र किंवा वाणिज्य अधिक मोकळे ठरते. या मुलाचा राग मात्र सिद्धतेवर नसून ती कशासाठी आहे हे न कळण्यावर होता, म्हणून पदवी बदलू नये असे माझे मत पडले. तिच्यात जे नाही ते बाहेरून भरायचे होते: संभाव्यता आणि संख्याशास्त्राचे जितके पेपर घेता येतील तितके, पायथन ही संगणकभाषा, आणि ताळेबंद वाचण्याचा सराव. शेवटचे काम वडिलांकडे सोपवले. त्यासाठी क्लास लावण्याची मला गरज दिसली नाही.

पुढची दारेही स्पष्ट करावी लागली. विमाक्षेत्रातील ॲक्च्युअरीचा, म्हणजे गणिताने जोखीम मोजणाऱ्या तज्ज्ञाचा, मार्ग इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडियाच्या एसीईटी या प्रवेश परीक्षेतून सुरू होतो आणि गणिताच्या विद्यार्थ्याला तो ओळखीचा वाटतो, पण पुढचे पेपर वर्षानुवर्षे चालतात. एम.एस्सी.साठी आय.आय.टी.ची जॅम ही प्रवेश परीक्षा आहे. आणि वडिलांना ज्याची सर्वांत जास्त हळहळ होती ती सी.ए.ची वाटही बंद झालेली नाही: वाणिज्येतर पदवीधराला ६० टक्के गुण असल्यास फाउंडेशन ही पहिली परीक्षा न देता थेट पुढच्या इंटरमीजिएटला नोंदणी करता येते.

हे ऐकून वडिलांचा चेहरा उजळला आणि मुलाचा थोडा पडला. एसीईटीला बसायचे की नाही, हे त्या दिवशी ठरले नाही, आणि वडिलांचा कल अजूनही सी.ए.कडेच आहे. दोघांचे एकमत एवढ्यावरच झाले, की कोणत्याही वाटेने गेले तरी टक्केवारी लागणारच, तेव्हा येत्या सत्रात आधी ॲनालिसिसचा पेपर सुधारायचा.